टिंब

"आई, आजोबा माझ्यावर चिडलेत का गं?"

मागच्या जुलैतली गोष्ट. मी कणीक मळत होते. मुलगा ओला रेनकोट न काढताच स्वयंपाकघरात आला आणि त्याने फोन माझ्यासमोर धरला. माझ्या वडिलांचा मेसेज होता. 'संध्याकाळी जेवायला ये.' मी दोनदा वाचला. रागाचं काही दिसेना.

"अगं, शेवटी टिंब दिलंय बघ."

मग त्याने मला समजावून सांगितलं. चॅटवर वाक्य संपलं हे कळायला टिंब लागत नाही, मेसेज पाठवला की ते संपतंच. तरी कुणी टिंब दिलं तर ते मुद्दाम दिलेलं असतं. पुढे बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. मैत्रीण नुसतं 'ओके' म्हणाली तर ठीक, 'ओके.' म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. "नुसतं 'ये' असतं तर बोलावलंय. 'ये.' म्हणजे, ये तू, मग बघतो तुझ्याकडे."

तो खरंच कासावीस झाला होता. आदल्या आठवड्यात आजोबांनी दोनदा बोलावूनही तो ढोलपथकाच्या सरावामुळे गेला नव्हता, ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्या एका टिंबात त्याने ते सगळं वाचलं.

माझे वडील सदाशिव पेठेत राहतात. वय चौऱ्याऐंशी. १९५९ साली, अठराव्या वर्षी, ते एका छापखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासत राहिले. पूर्णविराम न देता वाक्य सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ चालू ठेवून उठणं. वाण्याला पाठवायच्या यादीतही ते 'तूरडाळ एक किलो.' असंच लिहितात.

लहानपणी रविवारी ते घरी काम आणायचे. गॅली प्रूफांची लांबच लांब भेंडोळी, त्यांना शाईचा वास. बाबा मांडीवर पाट घेऊन बसायचे, ओळीखाली लाकडी पट्टी धरायचे आणि ती एकेक ओळ खाली सरकवायचे. मूळ हस्तलिखित मी मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. "तो उठला स्वल्पविराम दार उघडले स्वल्पविराम आणि निघून गेला पूर्णविराम." छापताना कुठे टिंब उडालं असेल तर बाबा समासात लाल पेन्सिलीने खूण करायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा गोष्ट रंगात आली आणि मी भरभर वाचायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "अर्थात शिरायचं नाही. माणूस अर्थात शिरला की चूक निसटते. नुसती अक्षरं बघायची."

हे वाक्य मला पुढे फार वर्षांनी, फार वेगळ्या प्रसंगी आठवलं. ते सांगेनच.

पूर्णविरामाची हकिकत बाबांनीच मला सांगितली आहे. आपल्या मोडीत शिरोरेघ आधी आखून घेत आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती आणि वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी १९ व्या शतकात इंग्रजी वळणाने छापखान्यातून आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थसाहेबांना मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात मदत करणारे तेच हे कँडी. विश्रामबागवाड्यात भरणाऱ्या संस्कृत पाठशाळेचे ते प्रमुख होते. बाबांच्या घरापासून विश्रामबागवाडा चालत दहा मिनिटांवर आहे. म्हणजे ज्या टिंबासाठी बाबा आयुष्यभर डोळे फोडत बसले, ते याच गल्ल्यांत कधीतरी परक्या पाहुण्यासारखं आलेलं होतं. ते पहिल्यांदा पाहिलेल्या पेठेतल्या शास्त्रीबुवांना काय वाटलं असेल, असा विचार मी बरेचदा करते.

मुलाची भाषा माझ्या कानावर पडते ती तुकड्यातुकड्यांनी. जिन्यात, फोनवर, गाडी लावताना. 'भावा, विषय हार्ड.' 'कडक ना.' 'सीन काय आहे रात्रीचा?' 'चल, कल्टी मारतो.' 'ते बघून लय क्रिंज झालं.' यातले काही शब्द इंग्रजीतून फोनवाटे आले आहेत, त्यांच्याबद्दल मला विशेष म्हणायचं नाही. ते सगळ्या जगात एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात. मला खिळवून ठेवतात ते बाकीचे शब्द. 'विषय हार्ड', 'काटा किर्र', 'नाद खुळा' हे कोल्हापूर-सांगलीकडचे. 'काऊन बे' विदर्भातलं. आणि परवा कुणाशी तरी फोनवर तो हसत म्हणाला, "काय करूलालास?" हे लातूर-नांदेडकडचं 'काय करतोयस'. माझा मुलगा जन्माने आणि वाढीने कोथरूडचा, लातूर त्याने पाहिलेलंसुद्धा नाही.

हे शब्द त्याच्याकडे कसे आले हे पाहायचं असेल तर संध्याकाळी सदाशिव किंवा नारायण पेठेतून चालत जावं. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत मजल्यामजल्यावर अभ्यासिका आहेत. विजेच्या खांबांवर 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. मेसचे डबे सायकलींना लटकलेले दिसतात. बीड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, जळगाव, सगळीकडची मुलंमुली स्पर्धा परीक्षांसाठी इथे येऊन राहतात. कुणाचं दुसरं वर्ष असतं, कुणाचं सहावं. अमृततुल्यच्या बाहेर चहा घेत उभी असतात तेव्हा पाच मिनिटांत पाच जिल्ह्यांची मराठी ऐकू येते. ज्या पेठांची बोली हीच प्रमाण, असं महाराष्ट्राला शिकवलं गेलं, त्या पेठांतच आज इतर सगळ्या बोली राहायला आल्या आहेत. माझ्या आयुष्यात पुण्याच्या मराठीला याहून मोठं भाग्य लाभलेलं मी पाहिलेलं नाही. मी हे पूर्ण विचार करून लिहिते आहे.

याचं कारण सांगते.

१९८८ साली मी कॉलेजात होते. आमची आपली भाषा होती. अप्पा बळवंत चौकाला आम्ही 'एबीसी' म्हणायचो, फर्ग्युसन रस्त्याला 'एफसी', चांगल्याला 'सॉलिड' आणि तास चुकवण्याला 'टांग मारणं'. बाबांना 'सॉलिड' अजिबात खपायचं नाही. "सॉलिड म्हणजे घन. माणूस घन कसा असेल?" असं ते विचारायचे. आमच्या वर्गात सांगोल्याकडची एक मुलगी होती. अतिशय हुशार, पहिल्या बाकावर बसायची. एक दिवस मराठीच्या तासाला तिला उतारा वाचायला सांगितला आणि तिने 'पानी' म्हटलं. सरांनी थांबवलं. 'पाणी म्हणा.' तिने पुन्हा 'पानी'च म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा वर्ग हसत होता. मीही हसले. त्यानंतर ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. आमच्याशी बोलताना वाक्य अर्धवट सोडायची, ज्या शब्दात ण येईल तो शब्द येण्याआधीच थांबायची. वर्षअखेरीस तिने कॉलेज सोडलं. का सोडलं हे मी कधी विचारलं नाही. जिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या 'पानी' म्हणत विहिरी खणल्या, तिला पाणी हा शब्द येत नाही असं ठरवण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला होता?

म्हणून मुलाच्या तोंडून 'काय करूलालास' ऐकलं तेव्हा माझ्या काळजात आधी धस्स झालं. मला वाटलं, हा कुणाची तरी टर उडवतोय. मी रागावूनच विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "टर? आई, तो माझ्या शेजारी ढोल वाजवतो. तो असंच बोलतो, मग मीही त्याच्याशी तसंच बोलतो."

नंतर मी एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला नदीपात्रात गेले होते. भिडे पुलाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये सराव चालला होता. सुरू व्हायच्या आधी मुलं ढोल आवळत होती. एकाने ढोल गुडघ्यांत दाबून धरलेला, दुसरा दोन्ही हातांनी दोरी खेचतोय, अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. दोरी खेचणारा तोच लातूरकडचा मुलगा होता. धरणारा माझा मुलगा. ढोलाच्या पानावर टिपरू हलकेच आपटून आवाज बघायचा, पुन्हा दोरी खेचायची. त्यांचं बोलणं चाललं होतं आणि मला खरंच कळेना की कुठलं वाक्य कोथरूडचं आणि कुठलं लातूरचं. माझ्या मुलाने 'लय' म्हटलं आणि त्या मुलाने 'अगदी'.

आता याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर मी खोटं चित्र रंगवलं असं होईल. माझ्या मुलाला 'लय' हा शब्द खिशातल्या रुमालासारखा आहे. हवा तेव्हा काढेल, मुलाखतीला जाताना घरी ठेवेल. त्या मुलाला ती मोकळीक नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पास झाली तर मुलाखतीच्या तयारीत त्याला आजही आरशासमोर उभं राहून ण घोटावा लागेल. खोली शोधायला गेला तर आजही काही दारांत आधी आडनाव आणि मग गाव विचारलं जातं. तेव्हा पोरांच्या बोलण्यात सगळे जिल्हे एक झाले म्हणून पुणं बदललं, असं मी म्हणणार नाही. पण १९८८ साली त्या मुलीच्या शेजारी कुणी बसून तिच्यासारखं बोललं असतं, तर ती राहिली असती असं मला मनापासून वाटतं.

या भाषेतलं मला सगळंच चालतं असंही नाही. आईबहिणीच्या नावाने दिलेली शिवी मी घरात ऐकून घेत नाही. आता मुलीही त्या शिव्या सहज देतात, त्यांचा अर्थ उरलाच नाही, असं मुलगा म्हणतो. अर्थ उरतो. तो उच्चारणाऱ्याच्या मनात नसला तरी ऐकणाऱ्या बाईच्या अंगावर येतोच. हे मी त्याला सांगितलंय, आणि निदान घरात तो पाळतो.

आणि काही वेळा त्यांच्याकडे शब्द नसतो, आपल्याकडे असतो, तो आपण त्यांना दिलेला नसतो. 'क्रिंज'बद्दल मी त्याला विचारलं. तो म्हणाला, दुसरा कुणीतरी चारचौघांत विचित्र वागतो आणि लाज आपल्याला वाटते, ते. मी म्हटलं, माझी आजी अशा वेळी 'कानकोंडं झालं' म्हणायची. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. चार दिवसांनी फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भावा, तिथे फुल कानकोंडं झालं." अर्थ थोडा सरकला होता, व्याकरण ढोलपथकाचं होतं. पण आजीचा शब्द नदीपात्रात पोचला याचा मला झालेला आनंद मी इथे लपवणार नाही.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी मुलाचे सलग दोन विषय राहिले. त्या दिवसांत एका रात्री मी भांडी आवरत असताना तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, डोक्याला लय शॉट झालाय." मी वळूनही न बघता म्हटलं, "नीट बोल. शॉट काय? आणि लय काय?" तो काही बोलला नाही. थोडा वेळ उभा राहिला, मग खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. महिन्याभराने, तेही त्याच्या मित्राच्या आईकडून, मला कळलं की तो कित्येक रात्री झोपलेला नव्हता. पहाटे चारला उठून एकटाच गच्चीवर जाऊन बसायचा. नंतर डॉक्टर झाले, औषध झालं, आता तो बरा आहे. पण त्या रात्री तो माझ्याकडे आला होता. त्याच्याजवळ जो शब्द होता तो घेऊन आला होता. आणि मी त्यातली चूक काढली.

तेव्हा मला बाबांचं ते वाक्य आठवलं. अर्थात शिरायचं नाही, नुसती अक्षरं बघायची.

आमच्या घरात त्या अवस्थेला शब्दच नव्हता हेही खरं आहे. माझ्या तरुणपणी कुणाला असं झालं तर 'कंटाळा', 'आळस', 'नाटकं' यांतलं काहीतरी म्हटलं जायचं. 'डोक्याला शॉट' हा शब्द कुणा प्राध्यापकाला सुचणार नाही, पण ज्याला झालंय त्याने तो उच्चारला की दुसऱ्या पोराला लगेच कळतं. तिथे तो 'काय झालं रे?' विचारतो. मी विचारलं नाही.

त्या जुलैतल्या संध्याकाळी आम्ही दोघंही बाबांकडे जेवायला गेलो. रागावलात का, असं मुलाने दारातच विचारून टाकलं. कशाबद्दल, हे बाबांना कळेना. टिंबाचा उलगडा झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्यांना ज्यांना लिहिलं, त्यांना सगळ्यांना असंच वाटलं असेल?"

"नाही हो आजोबा, आमच्यातच फक्त."

जेवण झाल्यावर बाबांनी आंब्याची शेवटची पेटी संपल्याची हळहळ केली. "यंदाचा हापूस अफलातून होता," म्हणाले. मुलाने विचारलं, हा शब्द कुठला? बाबांचा चेहरा उजळला. अफलातून म्हणजे प्लेटो. ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव अरबी-फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि आंब्याला लागलं. मुलगा हरखून गेला. "म्हणजे तुम्ही लोकांनी प्लेटोला स्लँग करून टाकलं?" बाबा म्हणाले, माझ्या वडिलांना तो शब्द उनाड वाटायचा. ते 'उत्कृष्ट' म्हणायचे.

मग वडिलांवरून, म्हणजे माझ्या आजोबांवरून, बोलणं निघालं. अण्णा वाईजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. बाबांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात अण्णांची पोस्टकार्डं आहेत. एक कार्ड त्यांनी नातवाच्या हातात दिलं आणि वाच म्हणाले. मुलाने चष्मा सरळ केला आणि वाचायला लागला. अक्षरावरचं प्रत्येक टिंब तो नाकातून म्हणत होता. 'येथें' चं येथेंऽ, 'कांहीं' चं कांऽहींऽ.

"ते टिंब म्हणायचं नसतं," बाबा म्हणाले.

"मग लिहायचं कशाला?"

बाबांनी त्याला सांगितलं तसं मला कधीच कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. पांच लिहायचे कारण मुळात पञ्च. दांत, कारण दन्त. गांव, कारण ग्राम. मूळ शब्दात जिथे नाकातला आवाज होता, तो बोलण्यातून पुसला गेला, तरी त्याची जागा लोक टिंबाने राखून ठेवत होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे. तीन वर्षं जी टिंबं शोधून शोधून बसवली, तीच आता शोधून शोधून काढायची. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या वयस्क कंपोझिटरांचे हात सवयीने अनुस्वाराच्या खणाकडे जायचे. अण्णांना तो मराठीचा अंत वाटला. मुलगा टिंबं पुसण्याचा पगार घेतो, असं ते गावात सांगायचे. पुढची चौदा वर्षं, शेवटच्या कार्डापर्यंत, त्यांनी एकही अनुस्वार सोडला नाही.

मुलाने कार्ड पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी टिंबं गिळून. "येथें सर्व कुशल आहे. पांच रुपयांची मनिऑर्डर केली आहे. तुला कांहीं हवें असल्यास कळविणें. पत्र लिहिण्यास वेळ मिळत नाहीं असें म्हणूं नये. चार ओळी लिहिण्यास कितीसा वेळ लागतो."

तो थांबला. कार्ड दिव्याजवळ नेऊन त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आजोबा, इथे तर प्रश्नचिन्ह हवं ना? यांनी टिंब दिलंय. हे चिडले होते का?"

बाबांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरलं. मुद्रित तपासताना धरायचे तसंच. मग म्हणाले, "हो. चिडले होते. मी दोन महिने पत्र टाकलं नव्हतं."